विळा पांढरा राहिला

अंजनाच्या हातापायांतली जाणीव गेली त्याला आठवडा झाला होता आणि अफसानाच्या आतली गेली त्याला चांगले बावीस दिवस. पहिलीचं निदान डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. दुसरीला कुठला कागद मिळणार? माणूस वेळेवर उठतं, डबा भरतं, वर्गात फळ्यावर समीकरणं लिहितं, पोरांनी विनोद केला की हसतंसुद्धा. मग त्याला बधिर कोण म्हणेल? अफसाना हे सगळं करत होती. फक्त भाजीत मीठ आहे की नाही ते तिला कळत नव्हतं, आणि रडायला हवं तेव्हा जांभई येत होती. त्या जांभईची तिला स्वतःलाच किळस यायची.

अफसाना मुलाणी सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. वय चौतीस, लग्न केलं नव्हतं, त्यामुळं सुट्टीला जायचं गाव एकच : कवठे महांकाळ. तिथं स्टँडच्या मागं तिच्या वडिलांचं, इमाम मिस्त्रींचं, फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान. दुकानात एक जुनं लेथ मशीन आणि लेथखाली लोखंडाच्या वेटोळ्यांचा कायमचा ढीग. पंपाचा नोझल तुंबला की तो तोंडाला लावून फुंकायचा, ही इमामभाईंची चाळीस वर्षांची खोड. लेक विषारी औषधांवर संशोधन करून डॉक्टर झाली तरी बापाची खोड काही सुटली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता ड्रमाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. हा सगळा मुलूख द्राक्षांचा. एका हंगामात बागेवर औषधाच्या पन्नास-साठ फवारण्या होतात, आणि प्रत्येक फवारणीनंतर ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरवरचा फवारा, धुतला जातो. ते धुणं जातं कुठं? बांधाच्या कडेला, तिथून जमिनीत, आणि जमिनीतून विहिरीत. अफसानानं त्यावर एक स्वस्तातला तोडगा काढला होता. वडिलांच्या लेथखालचा लोखंडी चुरा तिनं धुऊन घेतला, मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बुडवला, आणि चुऱ्यावर तांब्याचा पातळ लाल थर चढला. असा चुरा निळ्या प्लास्टिकच्या ड्रमात भरायचा, वरून ब्लोअरचं धुणं ओतायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी खालची तोटी सोडायची. लोखंड आणि तांबं मिळून औषधाचे तुकडे पाडतात. त्यात तांबं असतं मध्यस्थासारखं. दोन्हीकडची बोलणी घडवून आणतं आणि स्वतः नामानिराळं राहतं. फरक इतकाच, की इथं सोयरीक जुळवायची नसते, मोडायची असते. खर्च होतं ते लोखंड. त्याच्यावर गंजाची साय धरली की काम थांबतं, म्हणून दर दीड महिन्यानं चुरा बदलायचा.

असे चौदा ड्रम चौदा बागांत बसले होते. साताऱ्याच्या एका प्रदर्शनात ड्रमाला बक्षीस मिळालं, तेव्हा विभागप्रमुख जयराज सरांनी नवा कोट शिवून घेतला होता आणि फोटोत अफसानाच्या पुढं उभे राहिले होते. तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. ड्रम चालत होता, विहिरींचे नमुने सुधारत होते. फोटोत कुणी का उभं राहीना.

चौदातला एक ड्रम कवठ्याजवळच्या वस्तीवर जोतीरामच्या बागेत होता. जोतीरामच्या आज्यापर्यंत त्या घराची मेंढरं होती, चरायला पार कर्नाटकात जायची. जोतीरामनं मेंढरं विकून अडीच एकर बाग लावली. ब्लोअर तो चालवायचा आणि ड्रम त्याची बायको अंजना सांभाळायची. सातवीपर्यंत शिकलेली, पण बागेत बोर्डो मिश्रण करावं तर तिनंच. मोरचूद आणि चुना यांचं ते निळं पाणी द्राक्षावर मारतात. चुना कमी पडला तर मोकळं तांबं पानं करपवून टाकतं. ते ओळखायला अंजना घरचा विळा घासून घ्यायची आणि मिश्रणात बुडवायची. पात्यावर लाल पुट चढलं तर चुना कमी, पातं पांढरं राहिलं तर मिश्रण बेस. भागातले सगळेच बागायतदार असंच बघतात. त्याला ना वीज लागते ना पदवी.

डिसेंबरात एकदा अफसाना पाण्याची बाटली भरून न्यायला गेली होती. जोतीराम बाजारला गेला होता. अंजनानं तोटीखाली बाटली धरली आणि विचारलं, "मॅडम, ही बाटली सांगलीला जाणार, तिचा निकाल आठ-धा दिवसांनी येणार. तवर मला कसं कळायचं, पाणी चांगलं हाय का वाईट? तांबं हाय न्हवं आत? झाडं करपली मंजी?"

अफसानाला तो प्रश्न फार आवडला. कॉलेजातल्या पोरांनी वर्षभरात असा एक प्रश्न विचारला नव्हता. ती हसून म्हणाली, "तुमचं यंत्र तुमच्याच घरात आहे की, वहिनी. विळा बुडवायचा. पातं पांढरं राहिलं की काही काळजी नाही."

अंजनानं तिथंच विळा आणला, घासला, बुडवला. पातं पांढरं राहिलं. दोघी हसल्या. अफसानाला त्या दिवशी आपण मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं. पुस्तकातलं रसायनशास्त्र आणि बांधावरचं शहाणपण यांची आपण गाठ घालून दिली, असं काहीतरी. शहाण्या माणसाला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं की त्याची जीभ सैल सुटते. विळ्याला तांबं कळतं, औषध कळत नाही, हे एक वाक्य पुढं जोडायला हवं होतं. ते तिनं जोडलं नाही.

एप्रिलात बागेची खरड छाटणी झाली, ऊन चढलं. त्या वस्तीवरच्या विहिरीचं पाणी मचूळ. प्यायचं पाणी टँकरचं, तेही तिसऱ्या दिवशी. ड्रमातून मात्र रोज सकाळी काचेसारखं पाणी पडायचं. वास येऊ नये म्हणून अफसानानंच तळाला कोळशाचा थर दिला होता. अंजना ते पाणी आधी फक्त शेवरीच्या झाडांना घालायची. मग त्यात पाय धुतले. मग धुणं बुडवलं. मग भांडी विसळली. दर वेळी विळा बुडवून बघायची आणि दर वेळी विळा पांढरा. ज्या दिवशी हे घडलं, त्या सकाळी ड्रमात आणखी एक भर पडली होती. जोतीरामनं नव्या औषधाचे सहा रिकामे डबे खळबळून त्यातच ओतले होते. औषध वासाला हलकं, पाण्यात साखरेसारखं विरघळणारं. चुरा बदलायची तारीख उलटून गेली होती, कारण छाटणीच्या गडबडीत इमामभाईंकडं जायला कुणालाच सवड झाली नव्हती. टँकर आला नव्हता. दुपारी एकच्या सुमाराला अंजना रानातून आली, घागर उपडी करून बघितली, ड्रमापाशी गेली, विळा बुडवला, पातं बघितलं आणि दोन तांबे पाणी प्याली.

ती वाचली. अकरा दिवस सांगलीच्या दवाखान्यात होती, त्यातले पाच दिवस नळीवर श्वास. पण अशा वेळी माणूस वाचून भागत नाही. दवाखान्याच्या चिठ्ठीवर 'विषप्राशन' लिहिलं गेलं, आणि बागेतल्या बाईच्या पोटात औषध सापडलं की या भागात त्याचा अर्थ एकच काढतात. कुंडलहून तिचा भाऊ अमृत आला. त्यानं दवाखान्याच्या दारातच जोतीरामची गचांडी धरली, ठाण्यात छळाची तक्रार दिली, आणि भाचीला, प्रांजलला, उचलून कुंडलला नेलं. प्रांजल सोळा वर्षांची, दहावीची परीक्षा देऊन बसलेली. नेताना ती रडली नाही, अडली नाही. आईच्या खाटेपाशी येऊन तिनं एवढंच म्हटलं म्हणे, "मला सोडून चालली हुतीस व्हय?" आणि अंजनाच्या घशात नळी होती.

शुद्धीवर आल्यावर अंजनानं जबाबात सांगितलं : मॅडमनी विळ्याचं सांगितलं होतं, विळा पांढरा होता, म्हणून प्याले. हवालदारानं लिहून घेतलं आणि कॉलेजला पत्र पाठवलं. त्या पत्राचं उत्तर जयराज सरांनी तयार केलं. सर काही खलपुरुष नव्हते. त्यांनी अफसानाला समोर बसवून समजावलं होतं. "आपल्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलंय, हे पाणी पिऊ नये. ती बाई बरी होतेय. उरलेल्या तेरा विहिरी तुमच्यामुळं सुधारल्यात. तुमच्या एका वाक्यापायी ते सगळं बंद पाडायचं का? तुम्हीच ठरवा." कागदावर लिहिलं होतं, की पाणी पिण्यायोग्य असल्याचं किंवा घरगुती चाचणीनं ते तपासता येतं असं आमच्याकडून कुणालाही, कधीही सांगण्यात आलेलं नाही. पहिलं अर्धं वाक्य खरं होतं. दुसरं धडधडीत खोटं. अफसानानं पेन घेतलं आणि सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली. त्या दिवसापासून मिठाची चव गेली.

बाविसाव्या दिवशी रविवार होता. ती कवठ्याला आली, तेव्हा अब्बा दुकानाच्या दारात बसून पंपाचा वॉशर बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जोतीराम येऊन गेला," ते म्हणाले. "अंजनाबाईच्या हाताला आता काही लागत न्हाई म्हणं. तव्यावर बोटं भाजली, वास आला तवा कळलं. पाय बी फरफटत टाकती."

"औषधाचं होतं तसं," अफसाना म्हणाली. "दोन-तीन आठवड्यांनी नसांवर उतरतं. काहींचं भरून येतं, काहींचं नाही." वर्गात सांगावं तसं तिनं सांगितलं.

अब्बांनी वॉशर खाली ठेवला. "ती म्हणती, विळ्याचं तू सांगितलंस."

अफसानानं मान खाली घातली. बापाला उत्तर मिळालं. ते रागावले नाहीत, नुसते लेथखालच्या ढिगाकडं बघत बसले. मग म्हणाले, "माझ्या हातनं पंप बिघडला तर मी गिऱ्हाइकाला सांगतो, माझ्या हातनं बिघडला. मी अडाणी माणूस हाय, बेटा. मला त्याच्याम्होरं काय येत न्हाई."

ती स्कूटी काढून वस्तीवर गेली. जोतीराम घरात नव्हता. ठाण्यात हजेरी द्यायला गेला होता, दर रविवारी जावं लागे. अंजना सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर शेंगांचं सूप होतं आणि ती शेंगा फोडत होती, म्हणजे फोडायचा प्रयत्न करत होती. शेंग बोटांत आहे की निसटली हे तिला नजरेनं बघावं लागत होतं. दाणे कमी, फोलपटं कमी, आणि अख्ख्या शेंगा सूपभर.

"या मॅडम, बसा की," ती म्हणाली. "पाणी बी देता येत न्हाई मला. तांब्या पडतोय."

"असू दे, वहिनी."

अफसाना समोर बसली. वाटेत तिनं वाक्यं जुळवून आणली होती. तिची अशी समजूत होती, की अंजना चिडलेली असेल, ओरडेल, शिव्या देईल, आणि मग आपल्यालाही आत काहीतरी होईल. शिव्यांची ती वाट बघत होती म्हटलं तरी चालेल.

अंजनाच आधी बोलली. "मॅडम, तुमाला एक इचारू? राग मानू नका."

"विचारा."

"सायब मला म्हणला, मॅडमनी लिहून दिलंय, आमी तसलं काय सांगितलंच न्हाई म्हणून. सही दावली त्यानं तुमची. मग मी इचार केला." तिनं एक शेंग उचलली, ती पडली, परत उचलली. "आवं, तुमी शिकलेल्या. तुमी कशाला खोटं लिवाल? माझ्याच डोस्क्यात औषध चढलं हुतं. धा-अकरा दिस मला आपलं-परकं कळत नव्हतं. त्यात सपान पडलं आसंल मला. तुमी इथं हुता, आपुन हसलो, विळा घासला, सगळं सपानच आसंल."

अफसानानं खाली पडलेली शेंग उचलून सुपात टाकली.

"म्हणून मी परत इचार करती," अंजना तशाच सपाट आवाजात म्हणाली. "विळ्याचं सपान आसंल, तर मग मी ते पाणी कशाला प्याले? कोण बाई आसलं पाणी पिईल? अमृतदादा म्हणतो, तू मरायलाच प्यालीस. पोरगी बी तसंच म्हणती. फोन केला तर घेत न्हाई. सगळी म्हणत्यात, तर आसंल बी. मला आठवत न्हाई, पर मी मरायलाच गेले आसंन. इतकं वाईट काय झालं हुतं मला, त्येच शोधती बसून."

अफसानाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, आपल्या सहीनं फार तर अंजनावर कुणी विश्वास ठेवणार नाही. अंजनाचाच अंजनावरचा विश्वास उडेल, चुकून मरता मरता वाचलेली बाई आपण जीव का दिला याचं कारण शोधत शेंगा फोडत बसेल, हे तिच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. औषधानं बाईची बोटं नेली होती. तिची आठवण अफसानानं नेली, तीही सांगलीत पंख्याखाली बसून.

"वहिनी, स्वप्न नव्हतं ते," ती म्हणाली. "मी आले होते. मीच सांगितलं. विळा पांढरा राहिला की काही काळजी नाही, हे माझे शब्द. विळ्याला फक्त तांबं कळतं, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. आणि मग घाबरून खोटं लिहून दिलं."

अंजना तिच्याकडं बघत राहिली. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"मंजी मी हसले हुते," अंजना म्हणाली. "तवा. तुमच्यासंगं."

"हसला होता. विळा घासायला चिंच घेतली होती तुम्ही. मी म्हटलं राख घ्या, तर म्हणालात चिंचेनं लवकर उजळतो."

"व्हय. चिंच." अंजनानं डोळे मिटले. "चिंचच घेतली हुती मी." तिनं शिव्या दिल्या नाहीत. नुसती मान हलवत राहिली, आणि दोन्ही गालांवरून पाणी खाली आलं. ते पुसायला तिनं हात उचलला तर तो कपाळाला जाऊन लागला. अफसानानं आपल्या ओढणीनं तिचे गाल पुसले. अंजनानं पुसू दिले. मग एकच वाक्य बोलली : "माझ्या पोरीला सांगा. बाकीच्यांस्नी नाय सांगितलं तरी चालंल."

अफसानानं आधी बाकीच्यांना सांगितलं, कारण पोरीपुढं नुसत्या तोंडाच्या शब्दानं जायची तिची हिंमत नव्हती. ती तशीच ठाण्यात गेली. जोतीराम बाकावर बसला होता, टोपी मांडीवर ठेवून. हवालदारानं तिचा जबाब ऐकला आणि पेनचं टोपण दातात धरलं.

"मंजे आधीचा कागद खोटा म्हणायचा?"

"खोटा."

"बाई, हात दाखवून अवलक्षण कशाला करताय? ह्यात जोतीराम सुटंल, पर तुमच्यावर शेकंल. नोकरीचं बघा."

"लिहा तुम्ही."

त्यानं लिहिलं. तिनं वाचून सही केली आणि एक प्रत मागून घेतली. जोतीराम उठून उभा राहिला. तो म्हणाला, "चुरा आणायचं माझ्याकडनं राहिलं हुतं, मॅडम. त्ये बी लिवा त्यात." हवालदार दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. गुन्हा अंगावर घ्यायला रांग लागलेली त्यानं बहुधा पहिल्यांदाच बघितली असेल.

बाहेर येऊन अफसानानं जयराज सरांना फोन केला आणि सांगितलं. सर म्हणाले, "उद्या चौदाही ड्रम उचलावे लागतील. कळतंय ना तुम्हाला?" तिला कळत होतं. पाच वर्षं, अब्बांच्या लेथखालचा तो चुरा, तेरा विहिरी. याचं आपल्याला फार दुःख व्हायला हवं, असं तिला वाटलं. झालं नाही. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि तासगावचा रस्ता धरला.

कुंडलला पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. अमृतचं घर उसाच्या कडेला होतं, पत्र्याचं, पुढं पायऱ्या. अमृत दारातच भेटला. कोण आलंय ते कळल्यावर त्यानं तिला आत बोलावलं नाही. तिनं पायरीखाली उभं राहूनच सगळं सांगितलं.

"ताईनं शिकवून पाठिवलंय तुमाला," तो म्हणाला. "नवऱ्याला सोडवायचं म्हणून. आमच्या बाया लय सोसत्यात. चुकून प्याले म्हणत्यात आन् परत त्याच घरात नांदत्यात. मी काय काल जन्मलो न्हाई."

अफसानानं प्रत पुढं केली. त्यानं ती हातात घेतली, पहिली ओळ वाचली, मग शेवटची, मग खालची सही. "तुमीच लिवलंय हे? तुमच्याच इरुद्ध?"

"हो."

तेवढ्यात प्रांजल बाहेर आली. दारामागं उभी राहून तिनं सगळं ऐकलं असणार. उंच, सडसडीत, आईसारख्याच जाड भुवया. तिनं मामाच्या हातातला कागद ओढून घेतला आणि उभ्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एकेक ओळ बोट ठेवून, परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचावी तसा.

"मंजी तिनं मरायला न्हाई प्यालं," ती म्हणाली.

"नाही. तहान लागली होती म्हणून प्याली."

"तहान लागली हुती." पोरीनं ते दोनदा म्हटलं. मग मान वर केली. "आन् तुमाला हे पयल्या दिवसापासनं ठावं हुतं?"

"हो."

"मग तवाच का न्हाई सांगितलं?"

या प्रश्नाचं एक लांबलचक उत्तर होतं. त्यात विहिरी होत्या, ड्रम होते, जयराज सर होते. अफसानानं त्यातलं काही सांगितलं नाही. "भ्याले," ती म्हणाली.

प्रांजलनं मामाच्या खिशातला फोन काढला आणि नंबर लावला. स्पीकर चालू होता की तिनं मुद्दाम केला, कोण जाणे. पलीकडं फोन उचलला गेला, आणि लगेच काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग जोतीराम बोलला. "पडला गं फोन तिच्या हातनं. धरलाय का सुटलाय तिला कळत न्हाई. थांब, मी धरतो कानाला. हां, बोल."

"आये."

पलीकडं नुसता श्वास.

"आये, मी येती."

"कवा?" अंजनाचा आवाज इतका बारीक होता, की अमृत दोन पावलं पुढं आला.

"आत्ता निघती."

"आत्ता नगं," अंजना म्हणाली. "ऊन लय हाय. चार वाजता नीघ. डोस्क्याला बांध कायतरी. आन् मामाला म्हणावं, सोडायला ये, आमच्या घरात जेवाण करून जा म्हणलीया ताई."

अमृतनं तोंड फिरवलं आणि गोठ्याकडं चालता झाला. पोरगी फोन कानाला लावून तशीच उभी राहिली, पलीकडचा आवाज थांबला तरी. मग आत गेली, आणि चार वाजायची वाट न बघता पाच मिनिटांत पिशवी भरून बाहेर आली. डोक्याला ओढणी मात्र बांधली होती.

अफसानानं स्कूटीची किल्ली काढली. "चल, मी सोडते. तासगाववरनं गेलं की दीड तासात घरी."

प्रांजलनं स्कूटीकडं बघितलं. "मी एसटीनं जाईन."

"दोनदा गाडी बदलावी लागेल. वर ऊन."

"लागू दे." ती पायऱ्या उतरून अफसानाच्या समोर आली. आवाज चढला नव्हता. शाळेत उत्तर सांगावं तशी ती बोलत होती. "मी आईसंगं म्हैनाभर बोलले न्हाई. तिनं केलेलं फोन कट केलं. तिला नळी लावली हुती तवा मी तिला काय म्हणले, ते तुमाला ठावं हाय का? ते मी आता परत घिऊ शकत न्हाई. आई तुमाला मॅडम म्हणंल, बसा म्हणंल, च्या पाजंल. ती तसलीच हाय. मी न्हाई."

अमृतनं गोठ्यापासून मोटारसायकल आणली. तो अफसानाकडं न बघता म्हणाला, "चल, स्टँडवर सोडतो. न्हाईतर कवठ्यालाच येतो, चल." पोरगी मागं बसली, पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली, आणि गाडी उसाच्या वाटेनं निघाली.

अफसाना पायरीखाली उभी होती. पोरीच्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि ते तिला लागलंही होतं. कुठं लागलं ते मात्र तिला सांगता आलं नसतं. जबाबाची प्रत प्रांजलनं आपल्याबरोबर नेली होती. मोटारसायकलचा आवाज डांबरीवर जाऊन पुसट झाला, तरी ती उन्हात तशीच थांबली. तिला कुणी बसा म्हटलं नाही.